मल्लवीर खाशाबा जाधव व त्यांचे पाठीराखे

थंडीचे दिवस आले म्हणजे आपल्याकडील हायस्कुलांतून खेळांच्या सामन्यांची धामधूम सुरू होते. फलटण शहरात काय किंवा नीरेच्या कालव्याकाठच्या लहान गावांत काय, पटांगणावर फक्कीच्या रेघा पडतात, खोखोचे खांब रोवले जातात, कुस्तीसाठी माती उकरून हौदा मऊ केला जातो, आणि मुले चार तुकड्यांत विभागून आपापल्या रंगाचे निशाण हाती घेतात. या तुकडीला कोणी कुल म्हणतात, कोणी गट म्हणतात, व पुष्कळ ठिकाणी हाऊस हा मूळचा इंग्रजी शब्दच चालतो. वर्षभर कोणत्या हाऊसला किती गुण मिळाले याचा हिशेब फळ्यावर मांडला जातो आणि शेवटी एका हाऊसला ढाल मिळते. ही पद्धत चांगली आहे. मात्र तिचा हेतू काय याचा विचार मुले, त्यांचे पालक व कधी कधी शिक्षकही फारसा करीत नाहीत असे आम्हांस दिसून येते.

ही पद्धत ज्या देशातून आली, त्या इंग्लंडातील जुन्या निवासी शाळांत हाऊस म्हणजे खरोखरीचे घर असे. पन्नाससाठ मुले एका छपराखाली निजत, एका पंगतीला जेवत, आणि एका गृहपतीच्या देखरेखीखाली सुखदुःखाचे दिवस काढीत. त्यामुळे सामन्यात आपल्या घराचा कोणी हरला तर त्याचे दुःख सर्वांना असे, आणि जिंकला तर तो मान सर्वांचा असे. आपल्याकडील मुले संध्याकाळी आपापल्या घरी जातात. म्हणून आपल्या शाळांत त्या घराचे नाव व रंग तेवढा आला. छप्पर व पंगत आली नाही. परंतु यावरून आपल्या लोकांना ही गोष्ट अगदी परकी आहे असे कोणी समजू नये. सातारा, सांगली व कोल्हापूर या भागांतील तालीम ही याच जातीची संस्था होय. एका तालमीची पोरे एका मातीत अंग घासतात, एका वस्तादाचा शब्द मानतात, आणि जत्रेच्या फडात आपल्या तालमीचा गडी उतरला की सारी पेठ त्याच्या मागे उभी राहते.

आपल्या गटाविषयीचे प्रेम म्हणजे नेमके काय, हे नियमांच्या पुस्तकापेक्षा एखाद्याच्या चरित्रावरून अधिक चांगले कळते. म्हणून आम्ही आज वाचकांपुढे आपल्याच सातारा जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या मुलाचे चरित्र ठेवीत आहो. फलटण जिल्ह्याच्या ईशान्येस, तर त्यांचे गाव दक्षिणेस कऱ्हाडाजवळ. पण त्यांचे नाव दोन्हीकडच्या शाळांत सारखेच घेतले जाते. ते नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी कऱ्हाडानजीकच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान होते, आणि पाच मुलांत खाशाबा हे सर्वांत धाकटे. घरी शेती होती, संपत्ती नव्हती. पण मल्लविद्येचा वारसा होता. दादासाहेबांनी या धाकट्या मुलास पाचव्या वर्षीच आखाड्यात उतरविले. जोर, बैठका, दंडांची व मानेची मेहनत, मातीतील झटापट, हे त्यांच्या बालपणीचे नित्याचे शिक्षण होते. आठ वर्षांचे असता त्यांनी परिसरातील एका नामांकित पोरास दोन मिनिटांत चीत केले अशी हकीकत त्या भागात सांगितली जाते. अंगलट लहान, उंची बेताची, परंतु पाय अतिशय चपळ. आणि प्रतिस्पर्ध्याचे डोके व मान पकडीत घेऊन त्याला फेकण्याचा ढाक नावाचा डाव त्यांना विशेष साधलेला होता.

1940 साली खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात दाखल झाले व 1947 पर्यंत तेथे शिकले. तो काळ किती धामधुमीचा होता हे सातारकरांस सांगावयास नको. 1942 ची चळवळ या जिल्ह्यात जितकी पेटली तितकी फार थोड्या ठिकाणी पेटली असेल. खाशाबा तेव्हा सोळा वर्षांचे होते. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, सरकारविरोधी पत्रके पोचविणे, अशी कामे त्यांनी केली. अभ्यास व तालीम मात्र सुटली नाही. ज्या वर्षी देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी त्यांचे हायस्कुलातील शिक्षण पुरे झाले, आणि परदेशच्या मैदानावर आपल्या देशाचे निशाण फडकावयाचे हा ध्यास घेऊन हा तरुण पुढील शिक्षणासाठी कोल्हापुरास गेला.

कोल्हापूर म्हणजे कुस्तीचे माहेरघर. छत्रपती शाहू महाराजांनी 1912 साली तेथे खासबागचे मैदान बांधविले, देशोदेशींच्या मल्लांना आश्रय दिला, आणि गल्लोगल्ली तालमींना ऊर्जितावस्था आणली. अशा शहरातील राजाराम कॉलेजात खाशाबांनी नाव घातले. तेथे एक प्रसंग घडला, तो आमच्या वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. कॉलेजाच्या वार्षिक क्रीडासामन्यांत कुस्तीसाठी नाव द्यावे म्हणून खाशाबा क्रीडाशिक्षकांकडे गेले. समोर जे गडी उतरावयाचे होते ते उंचपुरे व भारदस्त. हा मुलगा दिसावयास किरकोळ. याला काही इजा झाली तर काय, अशी शंका येऊन त्यांनी नाव घेण्यास नकार दिला. शंका अगदीच अस्थानी होती असे आम्ही म्हणणार नाही; मुलांची काळजी घेणे हे शिक्षकाचे कामच आहे. पण शरीर पाहिले आणि अंगची विद्या पाहिली नाही, एवढी उणीव त्यात राहिली.

खाशाबा निराश होऊन स्वस्थ बसले नाहीत, व उद्धटपणेही वागले नाहीत. ते सरळ प्राचार्यांकडे गेले व आपणास एक संधी मिळावी अशी त्यांनी विनंती केली. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. हे गृहस्थ विद्वान, वक्तृत्वात निपुण व खेळांचे मोठे चाहते. पुढे पहिल्या लोकसभेवर ते निवडूनही गेले. त्यांनी मुलाचे म्हणणे ऐकून घेतले व त्यास उतरू द्यावे असा निर्णय दिला. मग जे झाले ते सर्व कोल्हापूरने पाहिले. आपल्याहून थोराड अशा गड्यांना खाशाबांनी एकामागून एक चीत केले. त्या दिवशी राजाराम कॉलेजाला एक मल्ल मिळाला. परंतु आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट अशी की, एका खेड्यातील मुलाला आपले म्हणणे ऐकून घेणारी शाळा मिळाली.

1948 साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. स्वतंत्र झालेल्या भारताचे ते पहिलेच ऑलिंपिक. खाशाबांची निवड झाली, आणि प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी सोसला. तेथे गेल्यावर त्यांच्यापुढे नवीच अडचण उभी राहिली. जन्मभर ते लाल मातीत लढलेले. लंडनला कुस्ती होती ती जाड गादीवर. मातीत पाय रुतवून उभे राहता येते, गादीवर पायाला वेगळाच लाग घ्यावा लागतो. आपल्या फडात समोरच्याची पाठ मातीला लागली की निकाल लागतो, मग त्याला घटका लागो की प्रहर. तेथे वेळेचे बंधन व पंचांनी द्यावयाचे गुण असा कारभार. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन शिक्षकांनी त्यांना त्या नियमांची ओळख करून दिली. एवढ्या अपुऱ्या तयारीवर 52 किलोच्या गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील मल्लांवर मात केली, इराणच्या मल्लाकडून ते हरले, आणि एकंदरीत सहावे आले. त्या वजनात इतक्या वर पोचलेला तोपर्यंत भारताचा दुसरा मल्ल नव्हता.

सहावा क्रमांक घेऊन परत आलेला माणूस दोन रीतींनी वागू शकतो. नियम परके होते, गादी परकी होती, असे सांगत तो जन्म काढू शकतो. अथवा जे परके होते ते शिकून घेऊ शकतो. खाशाबांनी दुसरी रीत पत्करली. पुढील चार वर्षे त्यांनी कष्टात घालविली. वजनाचा गट वाढवून ते 57 किलोच्या गटात आले व नव्या नियमांप्रमाणे लढण्याचा सराव त्यांनी केला.

1952 साली फिनलंड देशातील हेलसिंकी येथे पुढील ऑलिंपिक होणार होते. निवडीच्या वेळी मद्रास येथील राष्ट्रीय सामन्यांत आपणास एक गुण कमी देऊन डावलण्यात आले अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी कुणाशी भांडण केले नाही. पतियाळाच्या महाराजांकडे जाऊन दाद मागितली. महाराज स्वतः खेळांचे जाणकार होते. त्यांनी चाचणीची कुस्ती ठरविली, आणि तीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्यास चीतपट करून आपला हक्क सिद्ध केला. कॉलेजात जे प्राचार्यांपाशी मागितले तेच त्यांनी येथे मागितले. मेहेरबानी नको, उतरण्याची संधी द्या, एवढेच ते मागणे होते.

निवड झाली, परंतु जावयाचे कसे? त्या काळी खेळाडूच्या प्रवासाचा भार सरकार आजच्यासारखा उचलीत नसे. खाशाबांनी मुंबई सरकारचे दार ठोठावले, तेथे वेळेवर पुरेशी मदत मिळाली नाही. मग गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. कऱ्हाडच्या दुकानदारांनी यथाशक्ति हातभार लावला. घरच्यांनी दारोदार जाऊन शब्द टाकला. तरीही रक्कम भरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी जे केले ते महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकले व सात हजार रुपये उभे करून आपल्या या जुन्या विद्यार्थ्याच्या हाती दिले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. सात हजार रुपये ही त्या काळी सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेरची रक्कम होती. खाशाबा हे खर्डेकरांचे नातलग नव्हते, एका गावचे नव्हते. पदक मिळेलच अशी हमी कोणी देऊ शकत नव्हते. तोपर्यंत एकाही भारतीय मल्लास ते मिळालेले नव्हते. मुलगा हरला असता तर घर सावकाराकडेच राहिले असते. आपल्या संस्थेविषयीचा अभिमान भाषणात बोलून दाखविणारे पुष्कळ असतात. खर्डेकरांनी तो कागदावर सही करून दाखविला. वर ज्या हाऊसविषयी आम्ही लिहिले, त्याचा खरा अर्थ पाहावयाचा असेल तर तो या गहाणखतात पाहावा.

हेलसिंकीस खाशाबांनी आरंभीच्या कुस्त्या जोरात जिंकल्या. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांना त्यांनी हार खावयास लावली. मग त्यांची गाठ जपानच्या शोहाची इशी याच्याशी पडली. ही कुस्ती पंधरा मिनिटांवर चालली व तीत खाशाबा हरले. इशी याच गटात पुढे सुवर्णपदकाचा धनी झाला. एवढ्या दमछाकीच्या कुस्तीनंतर नियमाप्रमाणे मल्लास अर्धा तास विसावा मिळावयास पाहिजे होता. तो न देता, सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोव याच्याशी लढण्यास त्यांना लगेच बोलाविण्यात आले. हा नियम पंचांपुढे मांडून हरकत घेण्यास त्या वेळी भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. खाशाबांना एकट्यालाच उभे राहावे लागले. थकलेल्या शरीराने ते लढले व हरले. 23 जुलै 1952 रोजी त्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. स्वतंत्र भारताच्या नागरिकाने वैयक्तिक खेळात मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यानंतर असे पदक भारतास मिळावयास 1996 साल उजाडावे लागले, म्हणजे मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली; आणि कुस्तीतील दुसरे पदक 2008 साली मिळाले.

या यशात जी खंत आहे तिच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ज्या मुलासाठी गावाने वर्गणी दिली व गुरूने घर गहाण टाकले, तो अगदी अखेरच्या घटकेस एकटा पडला. पैसा पोचला, माणूस पोचला नाही. गादीच्या कडेला नियम जाणणारा एक मनुष्य उभा असता तर अर्धा तास विसावा मागून घेता आला असता. त्याने निकाल बदलला असता की नाही हे कोणी सांगू शकत नाही. पण निदान खेळाडूस न्याय्य वेळ मिळाली असती. आपल्या खेळाडूच्या बाजूला उभे राहणे ही गोष्ट टाळ्या वाजविण्याहून वेगळी आहे, आणि ती पुष्कळ वेळा अधिक उपयोगाची असते.

खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाडच्या स्थानकावर लोकांची दाटी झाली होती. एकशे एक्कावन्न बैलगाड्या सजवून गावकरी आपल्या मल्लास नेण्यासाठी आले होते. ढोल, लेझीम, गुलाल यांच्या गजरात मिरवणूक निघाली, आणि एरवी पाव तासाच्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले. ज्यांनी दोन रुपये वर्गणी दिली असेल त्यांनाही पदक आपलेच वाटले, आणि ते वाटणे खोटे नव्हते.

पण मिरवणुकीचा गुलाल झटकून झाल्यावर खाशाबांनी जे केले ते आम्हांस पदकाहूनही मोलाचे वाटते. कोल्हापुरास कुस्त्यांचे मैदान भरवून, स्वतः लढून, जे द्रव्य मिळाले ते त्यांनी प्राचार्य खर्डेकरांचे घर सोडविण्याकडे लाविले. मोठेपणा मिळाल्यावर मागचे देणे विसरणारे जगात थोडे नाहीत. या शेतकऱ्याच्या मुलाने आपल्या यशाचा पहिला उपयोग गुरूचे छप्पर परत मिळवून देण्याकडे केला. गुरूने शिष्यासाठी घर पणास लाविले. शिष्याने आपल्या अंगमेहनतीने ते सोडविले. या दोन कृत्यांपैकी एक असते आणि दुसरे नसते, तर ही गोष्ट अपुरी राहिली असती.

1955 साली खाशाबा मुंबई राज्याच्या पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. खात्याच्या सामन्यांत त्यांनी यश मिळविले व तरुण शिपायांना मार्गदर्शन केले. परंतु ऑलिंपिक पदकाचा मानकरी म्हणून जी दखल घेतली जावयास पाहिजे होती ती त्यांच्या वाट्यास आली नाही. बढतीसाठी त्यांना पुष्कळ वर्षे थांबावे लागले. नोकरीच्या शेवटी सहायक पोलीस आयुक्ताच्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. 1982 साली दिल्लीस आशियाई सामने भरले तेव्हा ज्योत वाहून नेण्याचा मान त्यांना मिळाला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, 14 ऑगस्ट 1984 रोजी, रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. ते तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते.

मरणोत्तर मात्र सन्मान आले. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आला, त्यामागून केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार आला. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांसाठी बांधलेल्या कुस्तीच्या मैदानास त्यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्र सरकारने त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून ठरविला आहे. हे सर्व योग्यच झाले. तथापि ज्याच्या कानी ते पडावयास पाहिजे होते तो माणूस तोपर्यंत निघून गेला होता. जिवंतपणी शाबासकीचा एक शब्द व मदतीचा एक हात जे करतो ते मरणानंतरच्या फलकाने होत नाही, हे यावरून आपण शिकावे.

आता हे चरित्र आपल्या शाळांच्या कामी कसे येईल ते थोडक्यात पाहू. आम्ही अनेक गावी शाळांचे सामने पाहिले आहेत. पुष्कळ ठिकाणी हाऊसचा अभिमान म्हणजे दुसऱ्या हाऊसच्या नावाने आरडाओरड करणे, पंचांशी हुज्जत घालणे, आणि आपला गडी हरला की त्याच्याकडे पाठ फिरविणे, एवढेच मुलांना कळलेले असते. जिंकलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन सारे धावतात, आणि हरलेला मुलगा पटांगणाच्या कडेला एकटाच चपला शोधीत असतो. ज्या घरात हरलेल्या भावाला कोणी विचारीत नाही, त्या घराला घर कसे म्हणावे? खाशाबा लंडनहून सहावे येऊन परतले तेव्हा कोल्हापूरने व गोळेश्वरने त्यांना टाकले असते, तर हेलसिंकीचे पदक कोठून आले असते?

दुसरी गोष्ट निवडीची. हाऊसच्या चमूत कोणाची नावे घालावयाची हे ठरविताना दिसावयास दणकट, बोलावयास चुणचुणीत व ओळखीपाळखीची मुले पुढे येतात. रोज चार मैल चालत शाळेस येणारा, मागच्या बाकावर बसणारा, फाटक्या सदऱ्याचा मुलगा आपले नाव घेऊन पुढे येण्यास लाजतो. मुलींच्या बाबतीत तर हा संकोच दुप्पट असतो, आणि त्यात घरच्या कामाची भर पडते. शिक्षकांनी व हाऊसच्या पुढाऱ्यांनी अशांना स्वतः शोधून काढावे, व कोणी एकदा नाकारला गेला असेल तर त्याचे म्हणणे ऐकावयाचे दार उघडे ठेवावे. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव हा मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा गावच्या प्राथमिक शाळेत शिकत होता. त्याच्या शिक्षकांनी त्याला ओळखले, धावण्यास लाविले, पुढे सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत पाठविण्याची खटपट केली. आणि तोच मुलगा तिरंदाज होऊन 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये देशातर्फे उभा राहिला. म्हणजे खर्डेकरांची परंपरा कॉलेजापुरती किंवा कोल्हापुरापुरती नाही. ती खेड्यातील दोन खोल्यांच्या शाळेतही चालू शकते.

तिसरी गोष्ट पालकांची व गावाची. तालुक्याच्या सामन्यासाठी मुलाची निवड झाली की एसटीच्या भाड्याचा, बुटांचा, दोन वेळच्या खाण्याचा प्रश्न उभा राहतो. सुगीचे दिवस असतील तर घरचे म्हणतात की खेळून का पोट भरणार आहे. त्यांची अडचण आम्ही जाणतो. ज्याच्या घरी एका हाताची मजुरी बुडाली की चूल अडते, त्याला उपदेश करणे सोपे नाही. म्हणूनच हा भार एकट्या घरावर पडू देऊ नये. गोळेश्वरात वर्गणी देणारे लोक धनिक नव्हते. चार घरांनी मिळून एका मुलाचे भाडे द्यावे, शेजाऱ्याने त्या दिवशीचे गुरांचे काम पाहावे, आणि गावातील एका शहाण्या माणसाने मुलाबरोबर जावे. हे शेवटचे विशेष महत्त्वाचे आहे. सामन्याचे नियम वाचलेला, वेळापत्रक जाणणारा, अन्याय झाला तर सभ्यपणे हरकत घेणारा एक वडीलधारा माणूस मैदानाच्या कडेला असावा. हेलसिंकीच्या गादीच्या कडेला जी जागा रिकामी राहिली, ती आपल्या मुलांच्या वेळी रिकामी राहू नये.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक शब्द. तुमच्या अंगावरचा तांबडा, निळा, हिरवा किंवा पिवळा पट्टा तुम्हांला कोणाशी वैर करण्यासाठी दिलेला नाही. तुमच्यासाठी कोणी तरी भाडे भरले आहे, कोणी शाळा सुटल्यावर तासभर थांबून सराव करून घेतला आहे, कोणी आपल्या ताटातली भाकरी तुमच्या डब्यात घातली आहे. त्यांची आठवण ठेवून खेळा, आणि पुढे तुमच्या हाती चार पैसे आले व चार लोक तुमचा शब्द मानू लागले म्हणजे मागून येणाऱ्या मुलासाठी तेच करा.

येत्या 15 जानेवारीस शाळाशाळांतून खाशाबांच्या तसबिरीस हार घातले जातील. त्या दिवशी हेडमास्तरांनी मुलांना पदकाची गोष्ट अवश्य सांगावी, पण तिच्याबरोबर गहाण टाकलेल्या व सोडविलेल्या घराची गोष्टही सांगावी, आणि ती सांगून झाल्यावर आपल्या शाळेत असा कोणता मुलगा किंवा मुलगी आहे की जिचे नाव यादीत यावयाचे राहून गेले आहे, याचा शोध त्याच दिवशी घ्यावा, अशी आमची विनंती आहे.